मधल्या घरातली भ्रामरी

८ नोव्हेंबर १९३६, रविवार. कोरीट.

काल नंदुरबारला जाऊन तिथले गुजराती डॉक्टर रतिलाल यांना प्रकृती दाखवून आले. छातीत धडधड, तुटक झोप, माळ्यावर चढताना दम. त्यांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला. तो बराच चढलेला आहे. औषधाची बाटली दिली आणि म्हणाले, "अर्धं काम ही करील, अर्धं तुम्ही करायचं." अर्धे म्हणजे भ्रामरी प्राणायाम. पहाटे ताठ बसायचे. अंगठ्यांनी कान बंद करायचे, बोटे मिटल्या डोळ्यांवर ठेवायची. नाकाने श्वास भरून घ्यायचा आणि सोडताना तोंड मिटून घशातल्या घशात भुंग्यासारखा आवाज करायचा.

मी विचारले, याला प्रमाण काय.

"प्रमाण मी. सत्तरी उलटली, अजून घोड्यावर बसून खेड्यांत जातो ने."

हे प्रमाण नव्हे. पण करून पाहिल्यावाचून मत देऊ नये, हे मी शाळेत आयुष्यभर सांगत आले. तेव्हा महिनाभर करून पाहीन आणि नोंद ठेवीन. ही वही त्यासाठी.

९ नोव्हेंबर

प्रयोगापूर्वीची स्थिती लिहिलेली बरी.

माझा थोरला भाऊ गिरधर सप्टेंबरअखेर विषमज्वराने गेला. तार मिळून मी पुण्याहून निघाले तोवर क्रिया झाली होती. पोचले ती दहाव्याला. गल्लीतल्या बायका दारात गळा काढून बसल्या होत्या. मला पाहताच चौघी उठल्या आणि गळ्यात पडून रडायला आल्या. मी त्यांना बसा म्हटले, पाणी प्या म्हटले, आणि पुतण्या हिलालला ताप कसा चढत गेला ते विचारले. इकडे हे कोणाला आवडले नाही. शेजारची दगूबाई माझ्या पाठीमागे, मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "भाऊ गया नि डोयाले टिपूस नही. शिकेल बाईनं कायीजबी पाटीनं ऱ्हास का?"

म्हणजे काळीज पाटीचे, दगडाचे. असो.

आमच्याकडे नवरा गेलेली बाई मधल्या घराच्या कोपऱ्यात बसते. नवऱ्याच्या बहिणीने तिच्या गळ्यात पडून रडायचे, मग हाताला धरून तिला उठवायचे आणि उन्हात आणायचे. तोवर बाई न्हाण्यापुरती आणि परसाकडेपुरती कोपरा सोडते. धनुबाई वहिनी अजून कोपऱ्यात आहेत. मी पहिल्याच दिवशी म्हटले, चला, उठा, मी उठवते. तर म्हणाल्या, "असं उठता येत नही अक्का. रीत शे."

"मग मोडा रीत."

त्यावर नुसत्या हसल्या.

मागितल्यावर रडणे हे नाटक. मला येत नाही.

गिरधरने खळ्याला लागून एक खोली बांधून ठेवली आहे. मी निवृत्त होऊन येथे मुलींचा वर्ग काढावा, ही त्याची इच्छा. कौले बसली आणि तो आजारी पडला. खोली तयार आहे, फळा आला आहे, मुलगी एकही नाही. मी घरोघर जाऊन सांगितले. सगळे हो म्हणतात, कोणी पाठवत नाही. हिलालला कारण विचारले तर तो बराच वेळ खराट्याच्या काड्या मोडत राहिला आणि म्हणाला, "तुम्हना सभाव कडक शे अस म्हनतस, फुई." आत्याला इकडे फुई म्हणतात.

मग हळूच: "पोरी येतीन तवय येतीन. तवलोंग आठे कापूस भरी देऊ का?"

त्याचेही खरे आहे. सातपुड्यातून वेचणीला माणसे आली आहेत, खळ्यात जागा नाही, ओटीवर कापूस पसरला आहे. मी दुसऱ्या वेचणीपर्यंत मुदत मागितली. तो माल येईल तेव्हा खोली रिकामी असेल तर कापूस भरावा, आणि मी पुण्याला परत जाईन. तेथे वसतिगृहात मला जागा देऊ केलेली आहे.

तर क्रम असा: रक्तदाब उतरला की स्वभाव उतरेल. स्वभाव उतरला की मुली येतील.

१० नोव्हेंबर

पहिला दिवस. ओटीवर कापूस आणि गडी, चुलीपाशी धूर. म्हणून मधल्या घरातच बसले. कोपऱ्यात वहिनी होत्याच. दगूबाईचे घर याच भिंतीला लागून आहे, तिच्या जात्याची घरघर इकडे ऐकू येते. त्या आवाजात माझा आवाज खपून जाईल असा अंदाज आहे.

आवाज प्रथम निघेना. निघाला तो म्हशीसारखा. नंतर थोडा बरा. कान बंद असल्याने तो डोक्याच्या आत घुमतो आणि दातांपर्यंत येतो.

डोळे उघडले तेव्हा वहिनी माझ्याकडे पाहत होत्या. "हाई काय करी ऱ्हायनात अक्का?"

मी सर्व नीट समजावून सांगितले. श्वास, रक्तदाब, डॉक्टर. त्यांनी ऐकून घेतले आणि "बरं" म्हणाल्या.

नोंद: डोळ्यांतून थोडे पाणी. बोटांचा दाब जास्त झाला असावा.

१३ नोव्हेंबर

दिवाळी. या घरी नाही. मुलांनी लांब जाऊन फटाके उडवले.

भ्रामरी केली. आवाज आता स्थिर आहे. आज मध्येच एक गोष्ट आठवली, तिचा प्रयोगाशी संबंध नाही. लहानपणी गिरधर आगपेटीत भुंगा धरून आणी आणि माझ्या कानाला लावी. मी ओरडले की म्हणे, घाबरू नको, तो आत गाणं म्हणतो. आवाज हुबेहूब हाच.

पाणी पुन्हा आले. बोटे हलकी ठेवायला हवीत.

१७ नोव्हेंबर

दगूबाईने सुनेच्या हाती कळण्याची भाकरी आणि वांग्याचे भरीत पाठवले. कारण काही नाही. मी भांडे घासून परत पाठवले.

१९ नोव्हेंबर

झोप बरी. धडधड कमी. डॉक्टरांचा घोडा अगदीच खोटा नसावा.

विहिरीवर बायका माझ्यासाठी बाजूला झाल्या. यापूर्वीही होत असत, पण गप्प होऊन. आज एकीने माझी घागर उचलून दिली. मी आभार मानले. तिने डोळे पुसले. काही घरगुती अडचण असेल.

२२ नोव्हेंबर, रविवार

दगूबाईने ओट्यावरून हाक मारली. "अक्का, उनी का? बठ थोडी."

येथे आल्यापासून मला ती 'तुम्ही' म्हणत होती, आणि तेही दुसऱ्याकडे बघत. आज सरळ तू. वयाने ती मोठी आहे, तेव्हा चूक नाही. मी बसले. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला हे रुचत नाही, पण उठले नाही.

"कशी शे तब्बेत?"

"सुधारते आहे. पहाटेचा उपाय लागू पडला."

"लागूच पडी माय. अडकेल ऱ्हायनं तर माणूस मरी जास. निंघू दे. समदं निंघू दे."

श्वासाविषयी या बाईला इतके समजते हे मला ठाऊक नव्हते. मी सांगितले की बाहेर सोडणेच महत्त्वाचे, आत घेण्यापेक्षा जास्त वेळ त्याला द्यावा. ती म्हणाली, "मी भितडाले कान लाईसन आयकस ना. पयले तू दाबी-दाबी करे. आते चांगलं मोकयं करस."

म्हणजे जाते फिरवताना तिला ऐकू जाते. मी तसदीबद्दल दिलगिरी व्यक्त केली. ती म्हणाली, "तसदी कसानी? मीबी तठेच बठीसन तुन्हासंगे करी लेस."

तीही करते. हे कळल्यावर मला बरे वाटले. डॉक्टरांना सांगितले पाहिजे.

निघताना म्हणाली, "मन्ही नातले उद्यापाईन धाडसू. तुन्ही शाळामा."

२३ नोव्हेंबर

दगूबाईची नात आली. बरोबर तिच्या मैत्रिणी. केसांत तेल, हातात पाट्या नाहीत. जमिनीवर रेघोट्या काढायला लावल्या. एकीने नखे कुरतडली, तिला उभे केले. ती रडली नाही, म्हणाली, "बाई, आजी म्हने, बाईले तरास देऊ नका."

मी म्हटले, त्रास दिलाच पाहिजे, त्याशिवाय शिकणे होत नाही. पोरी हसल्या.

३० नोव्हेंबर

खोली भरत चालली आहे. सुपडू पाटलाचीही मुलगी आली. सुपडूने मला पूर्वी पाणीसुद्धा विचारले नव्हते. हिलाल दारात उभा राहून पाहत होता. "फुई, कापूस आते कोठे भरू?" म्हणाला आणि स्वतःच हसला.

मी पूर्वीइतकीच कडक वागते, असे मला वाटते. पण लोकांना फरक दिसतो, त्या अर्थी तो आहे. माणसाला स्वतःच्या स्वभावातला बदल स्वतः दिसत नाही. प्राणायामाचा परिणाम करणाऱ्यापुरता मर्यादित नसतो, एवढे नोंदवते.

वहिनी अद्याप कोपऱ्यात. पाय सुजले आहेत. मी पुन्हा म्हटले, उठा, उन्हात बसा, मी कोणाला सांगणार नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगाव नहीत. पन मी मालेच सांगसू ना."

८ डिसेंबर

नंदुरबार. रक्तदाब उतरला आहे. डॉक्टर खूश. मी दगूबाईविषयी सांगितले, की निरक्षर बाई असून पद्धत अचूक जाणते. ते म्हणाले, "खेड्यातल्या बायकांना हे कोणी शिकवलं?" मी म्हटले, विचारून घेईन. डोळ्यांतल्या पाण्याचेही सांगितले. म्हणाले, दाबाने पाणी येऊ नये, मुळात दाब द्यायचाच नसतो. मी हलकाच देते. त्यांनी डोळे तपासले. डोळे उत्तम आहेत.

११ डिसेंबर

सुपडू पाटलाची मुलगी आपले नाव लिहू लागली. उलटे, पण सर्व अक्षरे आहेत.

१२ डिसेंबर, शनिवार

आजचा प्रकार जसा घडला तसा लिहिते.

दुपारी मुली गेल्यावर मी मागच्या पडवीत पाट्या पुसत होते. दगूबाई मधल्या घरात वहिनींशी बोलत होती. दार लोटलेले होते. ऐकण्याचा हेतू नव्हता, पण दगूबाईचा आवाज हळू होत नाही.

"आते कसाले बठेल शे वं धनु? तुन्ही ननद रोज पहाटे तोंड झाकीसन रडस. आख्खी गल्ली आयकस. आम्ही माफ करं. पोरी धाडी दिध्यात. आनखी काय पाहिजे तुले? ऊठ आते."

दगूबाईने पुन्हा विचारले.

मग वहिनी म्हणाल्या, "त्या रडतीन तवय मी उठसू."

"मंग हाई काय शे?"

"ते तू त्यासलेच ईचार."

दगूबाई निघून गेल्यावर मी आत गेले. वहिनींना विचारले, या बायकांना काय वाटते आहे, हे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होते का. त्या म्हणाल्या, हो. मग सांगितले का नाही? म्हणाल्या, "पोरी येवाले लाग्यात ना अक्का. त्यासनी खोली व्हती ती. मी कसं सांगू?" त्यासनी म्हणजे गिरधरची.

आता सर्व उलगडते. घागर, भरीत, पाठीवरचा हात. कान-डोळे झाकून घशात हुंकार भरणारी बाई भिंतीपलीकडून, दाराच्या फटीतून, या लोकांना दुसरी कोणती दिसणार? आमच्याकडे तोंड झाकून आवाज काढण्याचे एकच कारण असते. आणि दगूबाई जात्यापाशी बसून माझ्याबरोबर जे करत होती, ते प्राणायाम नव्हे.

म्हणजे स्वभावाचा काही प्रश्नच नव्हता. मुली माझ्या स्वभावाकरता थांबल्या नव्हत्या आणि माझ्या शांतपणाकरता आल्याही नाहीत. न रडलेल्या बाईकडे कोणी पोर पाठवत नव्हते आणि रडलेल्या बाईकडे पाठवली. वर्ग एका गैरसमजावर उभा आहे.

संध्याकाळी दुसऱ्या वेचणीच्या पहिल्या गाड्या आल्या. हिलाल त्या खळ्यातच सोडवतो आहे. त्याने खोलीकडे पाहिलेसुद्धा नाही.

खोटे मी सांगितलेले नाही. पण आता कळल्यावर गप्प बसले तर ते खोटेच होईल. उद्या रविवार आहे. बायका दगूबाईच्या ओट्यावर कापूस निवडायला जमतात.

१३ डिसेंबर, रविवार

गेले. सगळ्या होत्या. मी उभी राहून सांगितले: मी पहाटे रडत नाही. ती श्वासाची क्रिया आहे, डॉक्टरांनी रक्तदाबासाठी दिली आहे, तिला भ्रामरी म्हणतात. तुमचा समज झाला तो मला काल कळला. गैरसमजाने मुली पाठवल्या असतील तर घरी ठेवून घ्या, माझी तक्रार नाही.

हातातली बोंडे तशीच राहिली. सुपडूच्या बायकोने दगूबाईकडे पाहिले.

दगूबाईने सरकीला चिकटलेला कचरा काढला, फुंकला, आणि म्हणाली, "श्वास शे का तो? करी दाखाड."

मी ओट्यावर बसून करून दाखवले. अंगठे, बोटे, आवाज. भर दुपारी, सर्वांसमोर. पूर्ण झाल्यावर हात खाली घेतले.

दगूबाईने विचारले, "मंग डोयासमाईन पानी का बरं येस?"

"बोटांच्या दाबाने."

"हां." तिने दुसरे बोंड उचलले. "बोटेसनाच दाब."

एक म्हातारी पदरात तोंड घालून हसली. तिला मी दटावले नाही. सुपडूची बायको म्हणाली, "दगूजी, मना सासरा गया तवय मन्ह्या डोयामाबी धूर गयथा. पंधरा दिन."

पुन्हा सगळ्या हसल्या. ते हसणे टवाळीचे होते की कशाचे, मला ठरवता आले नाही. मुलींबद्दल हो किंवा नाही, कोणी काही म्हणाले नाही. मी विचारलेही नाही. मुदत देऊन उत्तर मागण्याची ती जागा नव्हती. घरी येऊन हिलालला सांगितले की उद्या मुली आल्या नाहीत तर खोली घ्यावी. तो म्हणाला, "फुई, तुम्हले हाई सांगानी काय गरज व्हती?" मी म्हटले, होती. वहिनींनी कोपऱ्यातून मान हलवली. कोणाच्या बाजूने, ते कळले नाही.

पुण्याला लिहायचे ते उद्या लिहीन.

एक गोष्ट मात्र तपासून पाहण्याजोगी आहे. दाब कारण असेल तर दाब काढल्यावर परिणाम राहता कामा नये. हे मी पहिल्याच आठवड्यात करायला हवे होते.

१४ डिसेंबर, सोमवार

पहाटे नेहमीच्या जागी बसले. बाकी सर्व तसेच ठेवले, फक्त हात मांडीवर. कानांवर नाहीत, डोळ्यांवर नाहीत. डोळे नुसते मिटलेले.

श्वास घेतला. सोडताना आवाज केला. कान उघडे असल्याने आवाज आत न घुमता खोलीत गेला. पलीकडचे जाते थांबल्याचे मला कळले. दुसरा श्वास घेतला. तो सोडताना आवाज नीट सुरू झाला आणि मध्येच तुटला.

पाणी आले. हात मांडीवरच होते.

मी तिसरा श्वास घेण्याचा प्रयत्न केला. तो घेता आला नाही. भुंग्याचा आवाज राहिला नव्हता, दुसराच कसला तरी होता, आणि तो मला थांबवता येईना. गिरधरने मला शिकायला पुण्याला पोचवले तेव्हा, बहिणीला शिकवतो म्हणून, काकांनी त्याला पंगतीतून उठवले होते. हे त्याने मला कधीही सांगितले नाही, वहिनींनी सांगितले, तेही या महिन्यात, याच कोपऱ्यातून. त्याने कौले मोजून बसवून घेतली, फळ्याची उंची मुलींच्या मापाने लावली, आणि मी आले तेव्हा तापाचे आकडे विचारत होते.

वहिनी कोपऱ्यातून सरकत माझ्यापर्यंत आल्या. त्यांना पटकन उठता येत नाही, पाय धरले आहेत. माझ्या मानेवर त्यांचे डोके आले. त्या रडत होत्या की मी, ते वेगळे करता येण्यासारखे नव्हते. भिंतीपलीकडून दगूबाईने गळा काढला. तिला कोणी बोलावले नव्हते.

मग वहिनी उठल्या. दगूबाई आता गावभर सांगेल की नणंदेने हाताला धरून उठवले. वस्तुस्थिती अशी की माझा गुडघा धरला होता आणि त्यांनीच मला हात दिला. दोघी दारापर्यंत गेलो. ऊन ओटीवरच्या कापसावर आले होते. वहिनी डोळ्यांवर हात धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कापूस चांगला शे यंदा."

खोलीकडे पाहिले तर मुली पायरीवर बसल्या होत्या. सगळ्या. सुपडू पाटलाची मुलगी भिंतीवर कोळशाने नाव लिहीत होती, सरळ.

तोंड धुऊन, लुगडे बदलून खळ्यावर गेले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत वर्ग आज प्रथमच उशिरा भरला. हजेरीपत्रकात कारणाचा रकाना आहे. तो कोरा ठेवला.

भिंत मात्र तिच्याकडून पुसून घेतली.